व्हॉट्सॲप परत मिळवलं, तरी पुन्हा पुन्हा हातातून जातंय? आधी ही दारं बघा

चिपळूणच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी लोक फुटलेली काच नाहीतर फुगलेली बॅटरी घेऊन यायचे. आता आठवड्यात एक-दोघे तरी असे येतात, ज्यांच्या फोनला काहीच झालेलं नसतं. त्यांच्या नंबरवरून दुसराच कोणीतरी पैसे मागत असतो. त्यातले निम्मेअधिक घरून धंदा करणारे: मसाले, पापड, कोकम, हापूस, होमस्टे. नंबर एकच. तोच बॉक्सवर छापलेला, तोच फेसबुकवर, तोच बँकेला जोडलेला आणि त्याच्यावरच घरच्यांचे फोटो.

खातं परत मिळवणं फारसं अवघड नसतं. पण परत मिळालेलं खातं चार-आठ दिवसांनी पुन्हा जातं, ही खरी डोकेदुखी. ‘हॅकर फार हुशार आहे’ असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. चोर पहिल्यांदा ज्या दारातून आला ते दार आपण लावलेलंच नसतं. आपण फक्त त्याला बाहेर काढतो.

हे मला नीट कळलं ते गुहागरकडच्या एका काकींमुळे. घरची आंब्याची बाग, पुण्या-मुंबईचे ठरलेले ग्राहक, सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲप बिझनेसवर. एका हंगामात त्यांचं खातं तीनदा फसलं आणि दर वेळी कारण एकच नव्हतं.

पहिल्यांदा गेलं पाडव्यानंतर लगेच. आंबा पाठवायचे दिवस, म्हणून ‘कुरिअरमधून बोलतोय, तुमचं पार्सल परत आलंय’ हा फोन त्यांना खरा वाटला. डिलिव्हरीवाल्याशी बोलायचं तर आधी एक कोड डायल करा, असं त्याने सांगितलं. कोडची सुरुवात *२१* ने, पुढे दहा आकडी मोबाईल नंबर आणि शेवटी हॅश. काकींनी डायल केला. त्या क्षणापासून त्यांचे सगळे कॉल त्या नंबरावर वळले. मग चोराने स्वतःच्या फोनवर काकींचा नंबर टाकून व्हॉट्सॲप सुरू केलं आणि कोड एसएमएसने न मागवता ‘कॉल करून सांगा’ हा पर्याय निवडला. कॉल त्याच्याकडेच गेला. काकींना कोणी ओटीपी विचारला नाही, त्यांनी कोणाला दिलाही नाही. म्हणून ‘मी ओटीपी दिलाच नव्हता हो’ असं कोणी रडकुंडीला येऊन सांगतं तेव्हा मी त्यावर विश्वास ठेवतो. तुम्हीही ठेवा. घरच्या बाईला ‘तूच काहीतरी केलं असशील’ म्हणून गप्प करू नका. पुढच्या वेळी ती सांगायलाच येणार नाही.

त्या संध्याकाळी मी एसएमएसच्या कोडने खातं परत आणून दिलं. काकी खूश होऊन गेल्या. कॉल फॉरवर्डिंग बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही आणि व्हॉट्सॲपचा पिनही (नोंदणीच्या कोडनंतर मागतात तो आपण ठरवलेला आकडा) लावला नाही. सहाव्या दिवशी खातं पुन्हा गेलं, त्याच वाटेने. या वेळी चोराने आत शिरून स्वतःचा सहा आकडी पिन लावून ठेवला. आता कोड आला तरी पिन माहीत नाही, म्हणजे सात दिवस थांबणं आलं. हंगामातले सात दिवस.

तिसरी वेळ अक्षय्य तृतीयेच्या आसपासची. तोवर फॉरवर्डिंग बंद केलेलं होतं, पिन लावलेला होता. काकींच्या फोनवर व्हॉट्सॲप व्यवस्थित चालू होतं, कोणी बाहेर काढलं नव्हतं. तरी ग्राहकांना मेसेज जात होते: ‘दोन डझन शिल्लक आहेत, ॲडव्हान्स या नंबरवर पाठवा.’ मेसेज पाठवला की त्या बाजूने लगेच काकींच्या फोनवरून तो पुसलाही जायचा. झालं होतं ते असं. एका जुन्या ग्राहकाच्या नंबरवरून ‘माझ्या भाचीला नृत्यस्पर्धेत मत द्या’ अशी लिंक आली होती. लिंकवर मोबाईल नंबर विचारला, मग आठ अक्षरांचा एक कोड दाखवला आणि तो व्हॉट्सॲपमध्ये टाकायला सांगितला. काकींना वाटलं, मत नोंदवतोय. प्रत्यक्षात चोराचा कॉम्प्युटर त्यांच्या खात्याला जोडला गेला. त्या ग्राहकाचं खातं आधीच चोरीला गेलेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

एवढी हकीगत सांगितली ती यासाठी की ‘व्हॉट्सॲप हॅक झालं’ या एका वाक्यात किमान तीन वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. बिघाड कुठला ते आधी ओळखा.

बिघाड ओळखायचा कसा

‘हा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवला आहे’ असा संदेश येऊन व्हॉट्सॲप बंद पडलं असेल, तर कोणीतरी तुमच्या नंबरने नव्याने नोंदणी केली आहे. म्हणजे त्याला कोड मिळाला. तो तीन वाटांनी मिळू शकतो: तुम्ही सांगितला, कॉल वळवलेला आहे किंवा तुमच्या फोनमध्ये एसएमएस वाचणारं ॲप बसलंय.

व्हॉट्सॲप चालू आहे, पण तुम्ही न पाठवलेले मेसेज जाताहेत, न वाचलेले मेसेज वाचलेले दिसताहेत, तर तो जोडलेल्या डिव्हाइसचा प्रकार. आणि फोनला अचानक नेटवर्कच नाही, सिम काढून घातलं तरी नाही, शेजारच्या फोनला मात्र त्याच कंपनीची रेंज आहे, तर व्हॉट्सॲप विसरा. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला फोन करून खातं गोठवा, मग सिमच्या कंपनीला. तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं गेलं असण्याची शक्यता आहे.

या भेदातली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. चोराने नव्याने नोंदणी केली तर त्याला तुमचे जुने मेसेज दिसत नाहीत, ते तुमच्या फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये असतात. त्याला दिसतात ते ग्रुप, ग्रुपमधले नंबर आणि नव्याने येणारे मेसेज. पण त्याने कॉम्प्युटर जोडला असेल तर अलीकडच्या गप्पाही त्याच्याकडे उतरतात: पत्ते, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, कोणीतरी पाठवलेला आधार कार्डाचा फोटो. खातं हातातून गेलेलं नसल्यामुळे हा प्रकार लोकांना हलका वाटतो. मला तो सगळ्यांत वाईट वाटतो, कारण यात लुटले जातात ते तुमच्यावर विश्वास ठेवलेले ग्राहक.

दुरुस्ती, आणि तिचा क्रम

पहिली दहा मिनिटं ग्राहकांसाठी. ज्या व्हॉट्सॲपवर चोर बसलाय त्यावरून सूचना देऊन उपयोग नाही, तो ती पुसतो. साधा एसएमएस करा, नेहमीच्या दहा-वीस जणांना फोन करा, घरातल्या दुसऱ्याच्या स्टेटसवर टाका. कोणाचे पैसे गेले असतील तर त्यांना लगेच १९३० वर फोन करायला सांगा. ही देशभराची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार गेली तर ते मध्येच अडवता येतात. म्हणून तिथे तासांचाही हिशोब असतो, दिवस दवडू नका. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते. दुसऱ्याच्या नावाने वावरून ऑनलाइन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. एखादा ग्राहक ‘पैसे तुमच्याच नंबरवरून मागितले होते’ म्हणाला तर तोच कागद उपयोगी पडतो.

घाबरून ॲप अनइन्स्टॉल करू नका. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येकांनी ते आधीच केलेलं असतं आणि बॅकअप नसल्यामुळे हंगामाच्या सगळ्या ऑर्डरी त्यात गेलेल्या असतात.

आता कॉल फॉरवर्डिंग, आणि हे नव्याने नोंदणी करण्याच्या आधी. डायलरवर *#२१# दाबा. सगळे कॉल कुठे वळवलेत का ते स्क्रीनवर येतं. *#६७# ने फोन व्यस्त असतानाचं, *#६१# ने उचलला नाही तरचं आणि *#६२# ने फोन बंद असतानाचं कळतं. शेवटच्या प्रकारात कधी कधी एखादा अनोळखी नंबर दिसतो आणि लोक हादरतात. तो बहुधा कंपनीचाच असतो, मिस्ड कॉलचा एसएमएस देण्यासाठी ठेवलेला. सगळंच फॉरवर्डिंग काढायला ##००२#. त्याने मिस्ड कॉलची सोयही जाईल, जाऊ द्या, नंतर पुन्हा लावता येते. कोड चालला नाही तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन चारही प्रकार बंद करा किंवा कंपनीच्या ग्राहक सेवेला सांगून काढून घ्या. कोडवरून कॉल वळवण्याची *४०१# ची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं होतं. तरी *२१* वाले फोन येतच राहिले, काकींना आला तसे. फोनवरच्या अनोळखी माणसाने काहीही डायल करायला सांगितलं तर ते करायचंच नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. विशेषतः ज्यांचा दिवस कुरिअर आणि गाडीवाल्यांच्या फोनवरच जातो त्यांना.

मग फोनमध्ये कोणी बसलंय का ते बघा. हे फक्त अँड्रॉइडवाल्यांनी, पण आपल्याकडे बहुतेकांचा तोच असतो. ‘लग्नपत्रिका’, ‘आरटीओ चलान’, ‘पीएम किसान’, ‘वीजबिल’ अशा नावांची फाइल व्हॉट्सॲपवर येते आणि नावाच्या शेवटी डॉट एपीके असतं, म्हणजे ती ॲप बसवणारी फाइल. लग्नपत्रिका फोटो असते, फार तर पीडीएफ असते. पत्रिका इन्स्टॉल करावी लागत नाही. अशी फाइल उघडून ‘परवानगी द्या’ दाबलं असेल तर तुमचे एसएमएस चोराकडे जातात. मग तुम्ही दहा वेळा नोंदणी करा, अकराव्या वेळी त्याला कोड मिळणारच. अशा वेळी इंटरनेट बंद करा, सिम काढून दुसऱ्या चांगल्या फोनमध्ये घाला आणि पुढचं सगळं त्या फोनवर करा. जुना फोन फोटो काढून घेऊन फॅक्टरी रिसेट करायचा. तोवर त्या फोनवर बँकेचं ॲप उघडू नका. आणि ज्या ओळखीच्या नंबरवरून ती फाइल आली होती त्यांना फोन करून सांगा, कारण त्यांचाही फोन तसाच झालेला असणार.

आता नोंदणी. आपला नंबर टाकायचा, एसएमएसने आलेला सहा आकडी कोड टाकायचा. एसएमएसचा कोड भरला त्या क्षणी चोर बाहेर पडतो, पिन तुम्हाला माहीत नसला तरीही. काकींना सात दिवस थांबावं लागलं, पण त्या सात दिवसांत चोरालाही काही पाठवता आलं नाही. हे त्यांना समजावून सांगितल्यावर त्या रात्री त्यांना झोप लागली. ‘खूप वेळा प्रयत्न केला, इतक्या तासांनी करा’ असं आलं तर ॲप काढून पुन्हा घालू नका, त्याने वेळ कमी होत नाही. चोरच मुद्दाम चुकीचे कोड टाकून हे घड्याळ लावून ठेवतो. फॉरवर्डिंग बंद केलंय ना, मग बसा शांत.

आत आल्याबरोबर दोन कामं. व्हॉट्सॲपमधलं ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा आणि तिथलं सगळं लॉग आउट करा. ‘हा आपला लॅपटॉप असेल’ असा अंदाज करून ठेवू नका. आपला असेल तर दोन मिनिटांत पुन्हा जोडता येतो. पिन बदलला म्हणून जोडलेला कॉम्प्युटर सुटत नाही, तो वेगळा काढावा लागतो. काकींच्या तिसऱ्या वेळी हेच झालं होतं. यादीत एक ब्राउझर होता आणि घरात तर कॉम्प्युटरच नाही. दुसरं काम ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’: पिन लावा आणि सोबत ई-मेल द्या. पिन म्हणून जन्मतारीख किंवा पिनकोड नको. जो ई-मेल देताय त्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे ना, तेही बघा. कित्येकांचा जीमेल फोन घेतला तेव्हा दुकानदाराने बनवलेला असतो आणि पासवर्ड त्या दुकानदारालाच ठाऊक. मीही पूर्वी गिऱ्हाइकांना असे बनवून दिलेत. आता कोणी आलं की मी समोर बसवून त्यांनाच पासवर्ड टाकायला लावतो आणि स्वतः मान फिरवतो.

नंबर चव्हाट्यावर का आला

इथवर केलं की गळती थांबते. पण चोर काकींपर्यंतच का पोचला, हे बघितल्याशिवाय मला दुरुस्ती पुरी झाली असं वाटत नाही.

काकींचा ‘हापूस ग्राहक’ नावाचा ग्रुप होता, दीडशेच्या वर माणसं. भाव एकदा टाकला की सगळ्यांना कळतो, म्हणून केलेला. पण ग्रुपमधल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. त्यातला एक जण फसला की चोराच्या हातात आंब्यासाठी ॲडव्हान्स द्यायची सवय असलेल्या दीडशे घरांची यादी पडते. याहून सोपी शिकार कुठली? पुण्याच्या एका ग्राहक बाईंना तर ग्रुपमधून नंबर घेऊन कोणी भलतेच मेसेज पाठवत होतं. त्या काकींना काही बोलल्या नाहीत, मुकाट्याने ग्रुप सोडून गेल्या. काकींना वाटत राहिलं, आंबा आवडला नसेल.

ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका यादीत २५६ जण बसतात, प्रत्येकाला मेसेज स्वतंत्र जातो, कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही. अट एकच: समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला असला पाहिजे. पहिल्या ऑर्डरीलाच सांगा, ‘नंबर सेव्ह करा, भाव कळवत जाईन.’ माणसं जास्त असतील तर व्हॉट्सॲप चॅनेल काढा, तिथे फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. जुना ग्रुप नुसता सोडून देऊ नका. ॲडमिन म्हणून आधी सगळ्यांना काढा, मग ग्रुप डिलीट करा. सोडलेल्या ग्रुपात नंबर तसेच पडून राहतात.

धंद्याचा नंबर वेगळा घ्या. आजचे बहुतेक फोन दोन सिमचे आहेत. बँक आणि आधारला जोडलेला नंबर एकावर, बॉक्सवर छापायचा दुसऱ्यावर. साधं व्हॉट्सॲप आणि व्हॉट्सॲप बिझनेस एकाच फोनवर दोन नंबरांनी चालतात. घरात लँडलाइन असेल तर बिझनेसची नोंदणी तिच्यावरही होते, कोड कॉलवर सांगतात. महिन्याच्या रिचार्जचा खर्च वाढतो, हे खरं. पण धंद्याचा नंबर गेला तरी बँकेचे ओटीपी त्याच्यावर येत नाहीत. आणि हा नंबर रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका. बंद झालेला प्रीपेड नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो, मग तुमच्या बॉक्सवर परक्या माणसाचा नंबर छापलेला राहतो.

यूपीआयचंही असंच. मोबाईल नंबर हीच यूपीआय आयडी असेल तर पैसे देणाऱ्या प्रत्येकाकडे तो नंबर जातो. ॲपमध्ये दुसरी आयडी बनवता येते, ती वापरा. गूगल मॅपवर दुकान टाकताना घरचा पत्ता दाखवायलाच पाहिजे असं नाही. ‘आम्ही या भागात माल पोचवतो’ एवढं दाखवून पत्ता लपवता येतो. जिथे बाई एकटी घरी असते तिथे मी हे आग्रहाने करायला लावतो. फेसबुक पेज असेल तर ॲडमिन दोघं ठेवा, दोघंही विश्वासातली. कामावरून गेलेल्या मुलाचं नाव त्यात अजून आहे का ते आजच बघा.

होमस्टेवाल्यांशी मला थोडं कळकळीने बोलायचंय. पाहुण्यांचे आधार कार्डाचे फोटो तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये वर्षानुवर्षं पडून असतात, गॅलरीत उतरतात, तिथून बॅकअपमध्ये जातात. तुमचं खातं जोडलं गेलं की ते सगळे चोराचे. पाहुण्याला मास्क्ड आधार पाठवायला सांगा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. नोंद रजिस्टरमध्ये करून घ्या आणि फोटो चॅटमधून व गॅलरीतून पुसा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आहेत. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. पण पाहुण्याने तुमच्या भरवशावर दिलेला कागद सांभाळायला मुदत कशाला हवी?

काकींच्या बॉक्सवर आता झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तीवर पैसे कुठल्या नावाच्या खात्यात जातील ते आणि खाली एक ओळ: ‘मेसेजवर दुसरा नंबर किंवा क्यूआर आला तर आधी फोन करा, आवाज ऐका, मगच पैसे पाठवा.’ गेल्या हंगामात असे पाच फोन आले. पाचही वेळा मेसेज चोराचाच होता, पण ज्या व्हॉट्सॲप खात्यांवरून तो आला ती काकींची नव्हती, शेजारच्या बागायतदारांची होती. त्यातले तिघं आपला फोन घेऊन माझ्या दुकानात येऊन गेले. दोघं अजून यायचेत.